हे पिक्चर सोलापूरचेच आहेत

"सोलापुरात असले पिक्चर कोण बघणार?" जगभरच्या अभिजात सिनेमांचा विषय निघाला की हे वाक्य इतक्या जणांकडून ऐकलंय की आज त्याला नीट उत्तर द्यायचं ठरवलं. पोस्ट लांब होईल, पण जमलं तर पूर्ण वाचा.

असं म्हणणारी माणसं सिनेमावर प्रेम करणारीच असतात. पुण्याला महोत्सव असला की सुट्टी टाकून जातात, थंडीत रांगेत उभं राहून इराणी, जपानी, हंगेरियन सिनेमे बघतात आणि परत आल्यावर आठवडाभर त्याच धुंदीत असतात. पण विषय आपल्या गावावर आला की सूर बदलतो. इथल्या पब्लिकला गाणी लागतात, हाणामारी लागते, संथ काही चालत नाही, इंग्रजी कळत नाही. आणि विषय तिथंच संपतो.

मला हे अजिबात मान्य नाही. जगात ज्या सिनेमांना अभिजात म्हणून डोक्यावर घेतलं जातं, त्यातले कितीतरी सिनेमे कारखाना, उधारी, भाड्याची खोली, म्हातारे आईबाप आणि सरकारी टेबलं याच गोष्टींवर आहेत. हे जगणं ज्या शहराला कुणी समजावून सांगावं लागत नाही, त्या शहरात हे सिनेमे सगळ्यात आधी लागायला हवेत.

'बायसिकल थीव्हज'च घ्या. इटालियन दिग्दर्शक व्हित्तोरिओ दे सिकाचा, १९४८ सालचा. युद्धानंतरचं रोम, हाताला काम नाही. अंतोनिओला भिंतींवर पोस्टरं चिकटवायचं काम मिळतं, पण अट अशी की स्वतःची सायकल पाहिजे. सायकल तर गहाण पडलेली. मग त्याची बायको मारिया पलंगावरच्या चादरी ओढून काढते. लग्नात आलेल्या चादरी. त्या गहाण ठेवून सायकल सोडवायची, चादरीशिवाय झोपता येतंच की, एवढा साधा तिचा हिशेब. पुढचं दृश्य गहाणाच्या दुकानातलं. तिथला माणूस चादरींचं गाठोडं घेऊन मांडणीवर चढायला लागतो. चढतो, अजून वर चढतो. कॅमेरा त्याच्यामागं वर जातो आणि आपल्याला दिसतं की छतापर्यंत नुसती गाठोडीच गाठोडी आहेत. प्रत्येक गाठोडं म्हणजे एका घरातला उघडा पलंग. दे सिका त्यावर एक शब्द बोलत नाही, पार्श्वसंगीतानं रडवतही नाही.

आता सांगा, हे दृश्य चादरीच्या गावातल्या माणसाला कळणार नाही? आमच्या घरात मिल बंद पडल्यावर आधी आईची बोरमाळ गेली, मग पितळेचा हंडा, मग शिलाई मशीन. ज्या घरांनी भोंगा बंद झाल्यानंतरची वर्षं काढली आहेत, त्यांना इटालियन नववास्तववाद, म्हणजे साध्या माणसांचं जगणं जसंच्या तसं दाखवणारा असला सिनेमा, हा शब्द माहीत असायची गरज नाही. त्या सिनेमात अंतोनिओचं काम करणारा लाम्बेर्तो माज्जोरानी हा नट नव्हताच, तो धातूच्या कारखान्यातला कामगार होता. सिनेमा जगभर गाजला आणि कारखान्यानं त्याला कामावरून कमी केलं, कारण यानं सिनेमातून भरपूर कमावलं असणार असा साहेबांचा समज झाला. मिलच्या आठवणी निघतात तिथं ही गोष्ट सांगून बघा, लोक कशी माना हलवतात ते दिसेल.

हा सिनेमा १९५२ साली आपल्या देशातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दाखवला गेला आणि पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला. त्यातला बलराज साहनीचा रिक्षा ओढणारा शंभू आमच्या आधीच्या पिढीला कुणी उलगडून सांगावा लागला नव्हता.

मी हे नुसतं तावातावानं लिहीत नाहीये. आमच्या गच्चीच्या एका भिंतीला चुना दिलाय, एक जुना प्रोजेक्टर आहे, सतरंज्या आहेत. अधूनमधून शेजारपाजारचे लोक जमतात. यंत्रमागावर काम करणारे दोघं-तिघं, एक रिटायर्ड मास्तर, कॉलेजची पोरं आणि शेजारच्या अक्का. अक्का आयुष्यभर विड्या वळत आल्या. घरात तेलुगू, बाहेर मराठी, बाजारात कन्नडही चालवून नेतात. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला, एक हिंजवडीला, एक भोसरीला.

एका रात्री जपानी दिग्दर्शक ओझूचा 'टोकियो स्टोरी' लावला होता. १९५३ सालचा. ओनोमिची नावाच्या गावातलं म्हातारं जोडपं मुलांना भेटायला टोकियोला जातं. मुलगा डॉक्टर, मुलगी केस कापण्याचं दुकान चालवते, दोघांनाही वेळ नाही. शेवटी आईबापांना आतामीला, गरम पाण्याच्या झऱ्याच्या गावाला पाठवून देतात. त्यांना टोकियो दाखवायला रजा काढते ती सून, युद्धात गेलेल्या मुलाची विधवा, नोरिको. कुणी कुणावर ओरडत नाही, दार आपटत नाही. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पिशवीत शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेऊन पुण्याला मुलाकडं जाणारे आणि ठरल्याच्या दोन दिवस आधी परत येणारे आईबाप प्रत्येक गल्लीत आहेत. मला वाटलं होतं, लोक कंटाळतील. कुणी उठलं नाही.

सिनेमात आई वारल्यावर ती दुकानवाली मुलगी, शीगे, जेवता जेवताच आईचे कपडे मागते. त्या जागी गच्चीवर चुळबुळ झाली, एक जण म्हणाला, "काय बे ही बाई!" सिनेमा संपल्यावरही सगळ्यांचा राग तिच्यावरच होता. अक्का मात्र म्हणाल्या, "ती पोरगी वाईट नाही रे. तिच्या दुकानात गिऱ्हाईक बसलंय. गिऱ्हाईक बसलेलं असलं की माणूस आईकडं बघतंय का?"

मी ओझूवर बरंच वाचलंय, अभ्यासकांचं लिहिणं मला मनापासून आवडतं. पण शीगेची बाजू इतक्या मायेनं घेतलेली मी तोवर वाचली नव्हती. आणि ती बरोबर आहे! ओझूनं तिला दुष्ट दाखवलेलंच नाही. ती सतत काहीतरी आवरत असते, मोजत असते, दुकानाकडं कान ठेवून असते. नंतर मी ते सगळे प्रसंग पुन्हा लावून बघितले आणि अक्कांचं म्हणणं प्रत्येक ठिकाणी सापडत गेलं.

अजून एक गोष्ट. ओझू कॅमेरा खूप खाली ठेवतो, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीला. खुर्चीत बसून हे मी अनेकदा पाहिलं होतं. गच्चीवर सगळे सतरंजीवर मांडी घालून बसलेले आणि समोर ते जपानी कुटुंबही तसंच बसलेलं. त्यांच्या पंगतीत आपणही असल्यासारखं वाटत होतं.

मग अडचण कुठं आहे? अडचण खालच्या पट्टीत आहे, इंग्रजी सबटायटलमध्ये. सिनेमा जपानी, भाषांतर इंग्रजी, प्रेक्षक मराठी-तेलुगू-कन्नड-उर्दू. लोक सिनेमाला नाही म्हणत नाहीत, त्या पळत्या इंग्रजीला नाही म्हणतात. इंग्रजी सराईतपणे वाचणाऱ्यालाच जागतिक सिनेमा मिळणार असेल तर ज्यांच्यावर तो काढलाय तेच बाहेर राहिले.

म्हणून आम्ही वाचतो. मी आधी बसून मराठी संवाद वहीत उतरवून काढतो आणि सिनेमा चालू असताना बाजूला बसून वाचतो. यंत्रमागावरचा एक पोरगा तेच तेलुगूत थोडक्यात सांगतो. याला नाकं मुरडणारे आहेत. सिनेमाच्या पावित्र्याचा भंग होतो म्हणतात. त्यांना मी एवढंच सांगतो की ही सिनेमाची जुनी रीत आहे. मूकपटांच्या काळात पडद्यावर पाट्या यायच्या, 'राजा हरिश्चंद्र'च्या पाट्या हिंदी आणि इंग्रजीत होत्या, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं काम वाचणाऱ्याच्या आवाजावरच चालायचं. जपानात तर यासाठी खास माणूस असायचा, बेन्शी. पडद्याशेजारी उभा राहून तो सगळ्या पात्रांचे आवाज काढायचा, परदेशी चित्रपट समजावून सांगायचा. बेन्शीचं नाव वाचून लोक तिकीट काढायचे. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावाचा थोरला भाऊ हेइगो परदेशी मूकपटांचा बेन्शी होता आणि अकिराला सिनेमाची गोडी लावण्यात त्याचा मोठा वाटा. पुढं बोलपट आले, बेन्शींची कामं गेली, संप झाला, त्या संपाच्या पुढाऱ्यांत हेइगो होता. १९३३ साली त्यानं आत्महत्या केली. ज्या माणसानं 'सेव्हन सामुराय' काढला, त्याला सिनेमाकडं नेणारा भाऊ दुसऱ्याच्या सिनेमाला आपला आवाज देणारा होता. वाचून दाखवण्याला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

वाचण्याची आमची शिस्त मात्र कडक आहे. नाट्य करायचं नाही. समजावून सांगायचं नाही. पडद्यावरचा माणूस गप्प असेल तर वाचणारानंही गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण शांतता आली की वाचणाराला वाटतं लोकांना काही कळलं नसेल. कळलेलं असतं. सिनेमाआधी अर्धा तास भाषण ठोकायच्या पद्धतीचाही मला मनापासून राग आहे. बघू द्या आधी, बोलणं नंतर.

सगळंच जमतं असं नाही. 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' वाचायला गेलं तर वाचणाराचा श्वास पुरणार नाही, त्यापेक्षा त्याच गोष्टीवरचा बासू चटर्जींचा हिंदी 'एक रुका हुआ फैसला' लावावा. फ्रेंच दिग्दर्शक अलँ रेनेचा 'लास्ट इयर अ‍ॅट मारियनबाद' थोर म्हणतात, मला तो थंड वाटतो आणि मी तो गच्चीवर लावणार नाही. याउलट 'मॉडर्न टाइम्स'ला फारसं काही वाचावंच लागत नाही. कारखान्याच्या पट्ट्यावर नट-बोल्ट आवळून आवळून चॅप्लिनचे हात काम संपल्यावरही झटके देत राहतात, तिथं सगळ्यात मोठ्यानं हसले ते मागावर बारा-बारा तास उभे राहणारे.

आणि जागतिक सिनेमा म्हणजे फक्त बाहेरून आलेला, हेही डोक्यातून काढलं पाहिजे. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन सर्वोत्तम चित्रपटांत निवडला गेलेला 'संत तुकाराम' कुठल्या देवाचा सिनेमा आहे? पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम जितका खरा, तितकीच गौरीची जिजाई खरी. घरात दाणा नाही म्हणून चिडून ती थेट विठोबावर चप्पल उगारते. त्या रागात भक्ती किती आहे हे आपल्याला बघताक्षणी कळतं. परक्या भाषेतला तुकाराम व्हेनिसकरांना भिडला तर रोममधला अंतोनिओ आपल्याला का भिडू नये?

आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळेंनी 'फँड्री'त जब्याच्या हातून थेट कॅमेऱ्यावर, म्हणजे आपल्यावर, दगड भिरकावला. फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोच्या 'फोर हंड्रेड ब्लोज'च्या शेवटी समुद्रापर्यंत पळालेला पोरगा आंत्वान वळून थेट आपल्याकडं बघतो आणि चित्र थिजतं. दोन्ही शेवट एकाच रात्री लागोपाठ बघा. त्रुफोचा पोरगा प्रश्न विचारतो, जब्या उत्तर मागत बसत नाही. मला जब्याचा शेवट जास्त धाडसी वाटतो आणि हे मी सोलापूरचा म्हणून म्हणत नाही.

तर माझी मागणी सरळ आहे. ज्यांना इंग्रजी चांगलं येतं, जे महोत्सवांना जातात, त्यांनी दोन-दोन, तीन-तीन जणांत मिळून एकेका सिनेमाचे मराठी संवाद तयार करावेत. कॉलेजच्या पोरांना सबटायटलची फाइल बनवणं अवघड नाही. फिल्म सोसायटीची रीतसर नोंदणी करून, हक्कांची परवानगी घेऊन हे मोठ्या पडद्यावर व्हायला पाहिजे. सत्यजित राय आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्त्यात १९४७ साली फिल्म सोसायटी काढली तेव्हा त्यांच्याकडंही फार साधनं नव्हती. मोबाइलवर बघता येतं की, असं म्हणू नका. मोबाइलवर अक्का शीगेची बाजू घेऊन सगळ्यांशी भांडल्या नसत्या.

आमच्याकडं पुढचा सिनेमा कुरोसावाचा 'इकिरू', १९५२ सालचा. नगरपालिकेत कागदांवर शिक्के मारण्यात आयुष्य गेलेल्या वातानाबेला पोटाचा कॅन्सर झाल्याचं कळतं आणि उरलेल्या महिन्यांत तो एक खेळाचं मैदान करायच्या मागं लागतो. सुरुवातीलाच वस्तीतल्या बायका घाण पाण्याच्या डबक्याची तक्रार घेऊन येतात, त्यांना या टेबलावरून त्या टेबलावर फिरवत फिरवत पुन्हा पहिल्याच खिडकीवर आणून सोडतात. मराठी संवाद जवळजवळ लिहून झालेत. तेलुगूसाठी आमचा पोरगा आहे. या वेळी कन्नडही करायचंय, त्यासाठी वाचणारं कुणी मिळालेलं नाही. आवाज मोठा नसला तरी चालेल, बैठक पाहिजे, सिनेमा दोन तास तेवीस मिनिटांचा आहे. ज्यांना जमेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा, वही पाठवून देतो.