कव्हरेजची गॅरंटी देणाऱ्यांनो, जरा ऐका

१० ऑक्टोबर जवळ आला की पीआरवाल्यांची, म्हणजे कंपन्यांचं जनसंपर्काचं काम करणाऱ्यांची, धांदल उडते. जागतिक मानसिक आरोग्य दिन. हॉस्पिटलं, विमा कंपन्या, ॲपवाले, सगळ्यांनाच त्या दिवशी पेपरात झळकायचं असतं. मग 'कामाचा ताण कसा टाळाल?' या विषयावर तज्ज्ञांच्या नावाने लेख पाठवले जातात. ते लिहितात कोण? एजन्सीतली चोवीस-पंचवीस वर्षांची पोरं. रात्री साडेअकराला, क्लायंटने चौथ्यांदा मजकूर बदलल्यावर.

हसून घ्या. मीही हसते. पण या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर आणि आता स्वतःची छोटी एजन्सी चालवताना माझं एक मत पक्कं झालंय: आमच्याकडच्या ताणाचं मूळ पोरांच्या मनात कमी आणि आपण सह्या करतो त्या करारांत जास्त आहे.

जाहिरातीची जागा विकत मिळते. बातमी लागणार की नाही, हे डेस्क ठरवतं. संध्याकाळी मोठी घटना घडली, पूर आला, निवडणुकीच्या तारखा जाहीर झाल्या, की तुमची प्रेस नोट गेली बाजूला. हे एजन्सीच्या मालकाला माहीत नसतं का? पुरतं माहीत असतं. तरी पिचच्या वेळी, म्हणजे काम मिळवायला क्लायंटकडे जातो तेव्हा, तो सांगून येतो, "महिन्याला वीस क्लिपिंग (छापून आलेल्या बातम्यांची कात्रणं) नक्की." ती वीस आणायची जबाबदारी ज्या मुलीवर येते, तिच्या हातात असतो फक्त फोन. "सर, प्रेस नोट मिळाली का?" "सर, उद्याच्या अंकात बसेल का?" पलीकडचा पत्रकारही मेटाकुटीला आलेला. त्याला बातमी द्यायचीय, वेबसाइटला द्यायचंय, वर व्हिडिओही करायचाय. तो फोन कापतो. त्याच्यावर माझा राग नाही. पण सकाळी पावणेसातला क्लायंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्पर्धक कंपनीच्या बातमीचा फोटो पडतो आणि खाली एकच ओळ: "आपलं का नाही?" या प्रश्नाचं खरं उत्तर देण्याची त्या मुलीला मुभा नसते.

रॉबर्ट कारासेक या अमेरिकन संशोधकाने १९७९ मध्येच मांडलं होतं की मागणी भरमसाट आणि कामावर स्वतःचा ताबा मात्र कमी, अशा नोकऱ्या माणसाला सर्वांत जास्त पिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटची, म्हणजे कामाने पार थकून जाण्याची, व्याख्या केली, तीही आजार म्हणून नाही. कामाच्या ठिकाणी नीट न हाताळलेल्या, दीर्घकाळच्या ताणाचा परिणाम म्हणून. म्हणजे बोट कामाच्या ठिकाणाकडे आहे. आपण मात्र ते पोरांकडे वळवतो आणि म्हणतो, जरा प्राणायाम करत जा.

आणि ते सेंटिमीटर! क्लिपिंगचं क्षेत्रफळ मोजायचं, जाहिरातीच्या दराने गुणायचं आणि 'एवढ्या लाखांचं कव्हरेज' म्हणून दाखवायचं. हा आकडा म्हणजे पीआरचं मोल नव्हे, असं पीआरच्या मोजमापासाठी २०१० मध्ये ठरलेल्या बार्सिलोना तत्त्वांमध्ये स्वच्छ लिहिलंय. आपल्या महिनाअखेरच्या रिपोर्टात तो रकाना अजून ठाण मांडून आहे.

सगळ्यात कमी बोललं जातं ते संकटाच्या दिवसांबद्दल. कारखान्यात आग लागते, सहलीच्या बसला अपघात होतो, हॉटेलच्या जेवणातून विषबाधा होते. बातमी कळल्यापासून अर्ध्या तासात निवेदन हवं असतं. 'तीव्र दुःख' लिहायचं की 'खेद', यावर वकील आणि क्लायंट वाद घालत असतात, आणि लिहिणाऱ्याला मेलेल्या माणसांची नावं वाचायलाही वेळ मिळत नाही. त्यानंतर क्लायंटच्या सोशल मीडिया पेजवरच्या शिव्या आठवडाभर वाचत बसायचं. एक मुलगा मला म्हणाला होता, "ताई, शिव्यांचं काही वाटत नाही. पण गेलेल्या कामगाराच्या भावाची कमेंट मला लपवायला लावली, ती जात नाहीये डोक्यातून." तो पुढच्या सोमवारी दुसऱ्या क्लायंटच्या आइस्क्रीमच्या लाँचवर होता. मध्ये एक सुट्टीही नाही.

अशा पोराला शुक्रवारी चार वाजता माइंडफुलनेसच्या वेबिनारला बसवतात. कॅमेरा बंद, माइक म्यूट, शेजारच्या खिडकीत अर्धी लिहिलेली प्रेस नोट.

समुपदेशनाला नावं ठेवत नाहीये मी. गरज असेल तर जाच. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फोन मोफत, मराठीत बोलता येतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं लागतं. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत ते नेमकं काय आहे, हे एचआरला विचारा. लाजू नका.

पण मालकांनो, तुमचं काय? कामाचे तास ठरवणारा दुकाने व आस्थापना कायदा महाराष्ट्रात आहे, पण व्यवस्थापकीय पदांना तो लागू नाही, आणि आपल्याकडे पोरगं तीन वर्षांत 'अकाउंट मॅनेजर' होतं. हाताखाली एक इंटर्न. मग तास मोजतंय कोण? ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या डिसेंबरात लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. कायद्याची वाट बघत बसायची गरजही नाही. करारात लिहा की बातमीची हमी नाही, प्रयत्नांची आहे. रात्रीची 'तातडी' कशाला म्हणायचं ते लिहा. सीईओंच्या फोटोत टाय वाकडा आलाय, ही तातडी नव्हे. रात्रीच्या फोनची पाळी लावा आणि त्या पाळीत स्वतःचंही नाव घाला. संकटाचं काम संपलं की त्या टीमला सुट्टी, न मागता. आणि चिडलेल्या क्लायंटचा फोन सिनियरने घ्यायचा. पगार त्याचाच जास्त आहे ना?

मला ठाऊक आहे, तीन माणसांची एजन्सी असली आणि एका रिटेनरवर (क्लायंटच्या ठरलेल्या मासिक फीवर) ऑफिसचं भाडं निघत असलं की असं बोलणं जड जातं. माझ्याकडून असाच एक क्लायंट गेला. शेजारच्या एजन्सीने त्याला तीस क्लिपिंगची हमी दिली. तिथे काम करणाऱ्या मुलीला मी ओळखते, म्हणून तो आकडा ऐकून मला तिचंच वाईट वाटलं. एकट्यादुकट्याने हे होणार नाही, एका शहरातल्या पाच-सहा एजन्सींनी मिळून ठरवलं तरच होईल.

एप्रिलमध्ये बऱ्याच जणांचे करार नव्याने होतात. माझ्या करारातली कलमं हवी असतील तर इनबॉक्समध्ये मागा. रात्री नऊनंतर मागितलीत तर सकाळी पाठवीन.