लाकडी मुठीची सुरी आणि जंतू : थोडा खुलासा

‘लाकूड जंतू मारतं, प्लास्टिक पोसतं, हे अमेरिकेत सिद्ध झालंय, म्हणून सुरी लाकडी मुठीचीच घ्या,’ असा निरोप फिरतोय. तो अर्धवट आहे.

अन्नातल्या जंतूंचे अभ्यासक डीन क्लिव्हर यांनी १९९० च्या दशकात, आधी विस्कॉन्सिन आणि मग कॅलिफोर्निया विद्यापीठात (डेव्हिस इथे), खरंच असं काम केलं. पण ते भाजी-मांस कापायच्या पाटांवर, मुठींवर नाही! लाकडी पाटात जंतू आत शोषले जाऊन हळूहळू मरतात आणि सुरीचे चरे पडलेला प्लास्टिकचा पाट हाताने नीट स्वच्छ होत नाही, असं त्यांना दिसलं. मुठीवर कोण कांदा चिरतं?

मुठीत खरी भानगड फटीची. लाकूड पाण्याने फुगतं, वाळलं की आकसतं. मूठ पात्याला धरून ठेवणारे रिव्हेट (खिळे) सैल होतात, पातं आणि मूठ यांच्यामध्ये फट पडते, तिथे मळ साचतो. पात्यावरच ओतून घडवलेल्या प्लास्टिकच्या मुठीत ही फट सहसा नसते, म्हणून खाटीकखान्यात आणि हॉटेलांत तीच जास्त दिसते. काही मुठी मायकार्टाच्या असतात, म्हणजे राळेत दाबलेलं कापड किंवा कागद. तेही पाण्याला दाद देत नाही.

शिसवाची मूठ हातात छान बसते, माझीही तीच आहे. फक्त ती भिजत टाकू नका, डिशवॉशरमध्ये तर नकोच. अधूनमधून जवसाचं तेल चोळा. ते वाळून घट्ट होतं. शेंगदाण्याचं तेल चिकट राहतं आणि खवट होतं.