हाडजोडीसाठी गोळी सोडू नका

खानापूरपासून निपाणीपर्यंत बायकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "पाळी गेल्यावर हाडजोडीचा कच्चा रस, सोयाबीन आणि तीळ ४० दिवस घ्या, झिजलेली हाडं भरून येतात. हाडांच्या गोळ्या आजच बंद करा. हाडांची तपासणीही नको, किरणांनी हाडं ठिसूळ होतात." माझ्या मावशीनं तो वाचून आठवड्याची गोळी सोडली. तिचं मनगट आधीच एकदा मोडलेलं आहे. संताप येणार नाही तर काय!

आधी गोळीचं. जुनं हाड झिजवणं आणि नवं भरणं शरीरात कायम चालू असतं. इस्ट्रोजेन त्या झिजेला लगाम घालतं. पाळी गेली की लगाम सुटतो आणि पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. पिशवीबरोबर ज्यांची अंडाशयंही काढली, त्यांना तर वयाचीही सवलत नाही. मावशीची गोळी, ॲलेंड्रोनेट, हीच झीज रोखते. तिनं मणक्याची आणि खुब्याची फ्रॅक्चर्स कमी होतात हे सिद्ध झालंय. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. मावशी चहाबरोबर घेऊन परत लवंडायची. मग छातीत जळजळ. मेसेज तिला पटला तो त्या जळजळीमुळं. पण अशा वेळी डॉक्टरांना सांगायचं असतं, वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायचं औषधही मिळतं.

सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेनशी मिळतीजुळती द्रव्यं आहेत, एवढं खरं. म्हणूनच अमेरिकेत मायामीला ती नीट तपासली गेली. पाळी जाऊन पाच वर्षं न झालेल्या २४८ बायका; काहींना रोज २०० मिलिग्रॅम सोया-आयसोफ्लेव्होन, बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, दोन वर्षं. २०११ साली निकाल छापून आला: मणक्याची घनता सोया घेणाऱ्यांत २ टक्के घटली, न घेणाऱ्यांत २.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. उलट अंगातून वाफा येण्याचा त्रास सोया घेणाऱ्यांना जास्त झाला.

हाडजोडीचे चांगले निकाल आहेत ते मुख्यतः अंडाशयं काढलेल्या उंदरांवरचे. बायकांची फ्रॅक्चर्स कमी झाल्याचं दाखवणारा मोठा अभ्यास नाही. आणि कच्चा रस? ही वेल घशाला खाजते, म्हणून तर आपल्याकडं तिची, म्हणजे मंगरवळ्ळीची, चटणी चिंच घालून, परतून करतात.

४० दिवसांत तर हाडाच्या एका जागेची डागडुजीही पुरी होत नाही, तिला काही महिने लागतात. तपासणीतले किरण छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी असतात.

तीळ आणि नाचणी मात्र जरूर खा, दोन्हींत कॅल्शियम भरपूर आहे. या वयात दिवसाला सुमारे १२०० मिलिग्रॅम लागतं. ते जेवणातून भागत असेल, तर डॉक्टरांना विचारून कॅल्शियमची गोळी कमी करता येईल. ॲलेंड्रोनेट ही कॅल्शियमची गोळी नव्हे, तिळानं तिची जागा भरत नाही.