घोडे, गुडघे आणि गतिरोधक

आमच्याकडे गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा भांडण एसयूव्ही की सेडान यावरून होणार, अशी शेजाऱ्यांची खात्री होती. समोरच्या काकांनी तर गेटवरूनच विचारलं, "सेडान? काहून बे? आजकाल कोण घेते सेडान?" पण त्या बाबतीत घरात चक्क एकमत होतं. उंच गाडीत चढायला आपल्याला स्टूल लागेल असं आईचं म्हणणं. सामान वेगळ्या डिकीत आणि माणसं वेगळ्या डब्यात हवीत, हा बाबांचा शिस्तीचा प्रश्न. आणि मला लहानपणापासून लांब नाकाची, बुटकी गाडी हवी होती. भांडण लागलं ते पुढच्या पायरीवर. सेडान ठीक, पण कोणती? पळणारी की लाड करणारी?

पळणारी म्हणजे फोक्सवॅगन व्हर्टस जीटी. लाड करणारी म्हणजे ह्युंदाई व्हर्ना, तीही सगळ्यात वरचं मॉडेल. मी आधीपासूनच व्हर्टसचा. दीड लिटरचं टर्बो इंजिन, सात गिअरचा, आपोआप गिअर बदलणारा डीएसजी गिअरबॉक्स, चाकांच्या आत लाल रंगाचे ब्रेक कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे चिमटे. रंग लाल असल्यामुळे ब्रेक अधिक चांगले लागत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण शास्त्र सगळीकडे आणू नये.

बाबा म्हणजे रस्त्यांच्या कामावर हयात घालवलेले सिव्हिल इंजिनिअर. त्यांना गाडीतलं फारसं कळत नाही, गाडीखालचं मात्र सगळं कळतं. देशातल्या रस्त्यांचा पहिला वीस वर्षांचा आराखडा 1943 साली आपल्या नागपुरात ठरला, त्याला 'नागपूर प्लॅन'च म्हणतात, हे ते अशा थाटात सांगतात की त्या बैठकीचा चहा त्यांनीच सांगितला होता असं वाटावं. त्यांनी दोन्ही गाड्यांची माहितीपत्रकं मागवली, लाल पेनानं खुणा केल्या आणि रात्री जेवताना मला विचारलं, "तुझ्या पळणारीत घोडे किती?"

"दीडशे!" मी छाती काढून सांगितलं.

"लाडवालीत एकशे साठ आहेत."

खरंच होते. व्हर्नाचं टर्बो इंजिन 160 पीएसचं, म्हणजे तितक्या अश्वशक्तीचं, व्हर्टस जीटीचं 150 चं. जी ऐशआरामाची म्हणून मी हिणवत होतो, तिच्याच तबेल्यात दहा घोडे जास्त. मग मला 'स्टिअरिंगचा फील', 'वळणावरची पकड' अशी भाषा काढावी लागली. 'फील' हा शब्द ऐकून आईनं माझ्या वरणावर तूप वाढलं. आजारी माणसाला वाढतात तसं.

बाबांनी पुढची खूण दाखवली. "आणि तुझ्या पळणारीत हे काय लिहिलं आहे? इंजिनावर भार कमी असला की चारातले दोन सिलिंडर बंद होतात?"

"पेट्रोल वाचतं त्यानं."

"म्हणजे चारातले दोनच कामावर. आमच्या ऑफिसात दुपारी तीननंतर हेच चालायचं. तेव्हा कोणी त्याला तंत्रज्ञान नाही म्हटलं."

शोरूममध्ये गेलो तो भर मे महिन्यात, नवतपा म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापाचे नऊ दिवस सुरू असताना. बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे. आत एसी इतका जोरात की आईनं पदर डोक्यावरून घेतला. तिथला मुलगा मोठा गोड होता. त्यानं आम्हाला सीटमधून गार हवा खेळते हे दाखवलं. बाबांनी सीटच्या बारीक भोकांवरून हात फिरवला.

"म्हणजे सीटला कुलर?"

"जी काका, तसंच समजा."

"पाणी कुठून टाकायचं?"

पाणी लागत नाही, आत नुसते पंखे असतात, असं त्यानं समजावलं. बाबांना ते पटलं नाही. वाळ्याच्या ताट्यांशिवाय कुलर ही कल्पनाच त्यांना अपुरी वाटते. पुढे त्या मुलाच्या उत्साहानं घात केला. व्हर्नाच्या पुढच्या सीटा गरमही होतात, असं तो आईला कौतुकानं सांगू लागला. आईनं काचेबाहेर पाहिलं. रस्त्यावर एक कुत्रा उभ्या रिक्षाच्या सावलीत सावलीएवढाच होऊन पडला होता. "बाप्पा," ती म्हणाली, "त्याचे वेगळे पैसे कशाला घेता? गाडी पाच मिनिटं उन्हात ठेवली तरी होते की." डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडेही पारा दहाच्या खाली जातो, हे मी सांगणार होतो. पण ती माझ्या बाजूची गाडी नव्हती, म्हणून गप्प राहिलो.

सुरक्षेच्या मुद्द्यावर निकाल लागेल म्हणावं, तर गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत 2023 साली दोघींनाही पाच-पाच तारे. डिकीवर म्हणावं, तर एकीची 521 लिटर, दुसरीची 528. आईनं विचारलं, "सात लिटर म्हणजे किती?" मी म्हणालो, दुधाच्या सात पिशव्या. "तेलाचा पिपाही नाही बसत त्यात," म्हणून तिनं डिकी बाद केली.

आईचा खरा मुद्दा गुडघ्यांचा होता. सेडानमध्ये बसणं ही आधी मान, मग कंबर, मग नशीब अशी क्रिया आहे. ती दोन्ही गाड्यांत मागे बसली, उतरली, पुन्हा बसली. निर्णय विचारला तर म्हणाली, "बसायला दोन्ही सारख्याच. उठायला तुम्ही दोघं लागाल." बायको या सगळ्यात काहीच बोलत नव्हती. ती रोज मिहानला, विमानतळाजवळच्या उद्योगनगरीत, नोकरीला जाते, म्हणजे गाडी खरी तीच चालवणार होती. हे आम्हा दोघा पुरुषांच्या चर्चेत कुठेच आलेलं नव्हतं.

खरी परीक्षा घरी झाली. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाल्यापासून रस्ता वर आणि घर खाली अशी स्थिती आहे. पावसाळ्यात नाल्याला आमच्या पोर्चची ओढ लागते आणि एरवी गाडी आत घ्यायची म्हणजे उतारावरून नाक खाली घालायचं. त्यात गेटला लागूनच गतिरोधक. रस्त्याचं काम संपल्यावर उरलेल्या मालाचं काय करायचं, म्हणून कोणीतरी तो घातला असावा. बाबांनी टेप काढला. इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक असं की गोलसर गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा. आमचा उंचीला मानकाहून सढळ, आणि रुंदीला एखाद्या पोळपाटाएवढा. बाबांनी त्याच्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं पाहिलं.

टेस्ट ड्राइव्हच्या दोन्ही गाड्या एकाच संध्याकाळी दारात उभ्या केल्या. बाबा रस्त्यावर चक्क ओणवे झाले, हातात टॉर्च. "ये... ये... थोडी डावी... थांब!" समोरचे काका खुर्ची घेऊन बाहेर आले. दोन्ही गाड्या तिरप्या घेतल्या की सुटत होत्या, सरळ घेतल्या की दोघींचंही पोट घासत होतं. म्हणजे इथंही बरोबरी. काका म्हणाले, "मी म्हणून राहिलो होतो ना, एसयूव्ही घ्या." बाबा धूळ झटकत उठले. "गाडी काहून बदलायची? उतार बदलू." दुसऱ्याच दिवशी गवंडी आला.

राहिली चालवून बघायची गोष्ट. ती बायकोनं केली, एकटीनं, शोरूमच्या मुलाला शेजारी बसवून. वर्धा रोडवर डबल डेकर पुलावरून एक चक्कर लाडवालीची, एक पळणारीची. लाडवालीत धोक्याची सूचना देणारी, लेन सांभाळणारी यंत्रणा आहे. परतताना सीताबर्डीच्या गर्दीतून आल्यावर ती म्हणाली, "बिचारी सतत घाबरत होती." मग पळणारीतून उतरली. केस विस्कटलेले, गाल लाल. शोरूमचा मुलगा मात्र हाताने दाराचं हँडल घट्ट धरून होता, गाडी थांबल्यावरसुद्धा.

"ही," ती म्हणाली.

"का गं?" बाबांनी विचारलं.

"हिचा फील चांगला आहे."

बाबांनी गंभीरपणे मान डोलावली. "मग झालं तर. फील महत्त्वाचा." आईनंही होकार दिला. मी तूप घातलेलं ते वरण आठवून गप्प बसलो. माझीच गाडी जिंकली होती, तरी माझं कोणी अभिनंदन करेना.

टेकडी गणपतीसमोर नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली गेली. बोनटवर स्वस्तिक काढताना कुंकू कॅलिपरवर सांडलं, तर रंगात फरक कळला नाही. आईची पहिली मागणी कारंजा लाडच्या गुरुमंदिराची, म्हणून नागपूरकडच्या टोकाला, शिवमडक्याहून, समृद्धी महामार्गाला लागलो. बायको चाकावर, तिच्या शेजारी आई, कारण पुढच्या सीटमध्ये शिरायला सोपं. मागे बाबा आणि मी. बाबा दोन सीटांच्या मधून मान घालून वेग वाचत होते, लिलावातली बोली सांगावी तसे.

"शंभर... एकशे दहा... एकशे अठरा! हळू. इथं एकशे वीसची मर्यादा आहे, वर कॅमेरे आहेत."

आईनं गार सीटवर नीट टेकून घेतलं आणि समोर बघत सुनेला म्हणाली, "मग अजून दोन बाकी आहेत ना गं?"