वाटणीला घाबरू नका

जगातल्या दहापैकी नऊ पीसींवर तुमचंच सॉफ्टवेअर बसलंय आणि सरकार तुमच्या कंपनीचे दोन तुकडे करायला निघालंय? आधी चहा घ्या. मायक्रोसॉफ्ट या वाटेने जाऊन आलेली आहे: विंडोजला आपला एक्सप्लोरर ब्राउझर चिकटवून प्रतिस्पर्धी ब्राउझरवाल्या नेटस्केपला हुसकावू पाहिलं, म्हणून अमेरिकन सरकारने तिच्यावर मक्तेदारीचा खटला भरला होता.

जबानीत प्रश्नाला उत्तर देऊ नका, शब्दाचा अर्थ विचारा. ऑगस्ट १९९८मध्ये बिल गेट्स 'आम्ही' म्हणजे नेमके कोण, यावर किती घोळले! कोर्टात व्हिडिओ दाखवणार असाल तर मात्र स्क्रीनवरच्या खिडकीच्या वरची पट्टी नीट बघून घ्या. ब्राउझर काढला की विंडोज रडतखडत चालतं, हे दाखवणारा मायक्रोसॉफ्टचा व्हिडिओ १९९९मध्ये त्या पट्टीवरचं नाव मध्येच बदलल्याने उघडा पडला.

समजा, वाटणी झालीच. ७ जून २०००ला न्यायाधीश जॅक्सन यांनी फर्मावलं: विंडोज एका कंपनीकडे, ऑफिस आणि एक्सप्लोरर दुसरीकडे. म्हणजे एका भावाला विहीर, दुसऱ्याला विहिरीकडे जाणारी वाट. गावाने पाण्याचे पैसे द्यायचे, वर वाटेचेही द्यायचे. झाली स्पर्धा! धोका एकच: ऑफिसवाला भाऊ उद्या विंडोजला पर्याय असलेल्या लिनक्सच्या वाड्यातही दुकान थाटेल, मग विंडोजवाचून लोकांचं अडणार नाही. सरकारची सगळी भिस्त याच भाऊबंदकीवर होती. तेव्हा सणासुदीला दोघांना एका पंगतीत बसवत जा.

आणि तुकड्यांचं दुःख कशाला? १९११मध्ये स्टँडर्ड ऑइल या तेलकंपनीचे ३४ तुकडे झाले, शेअर वधारले आणि तिचे संस्थापक रॉकफेलर आणखी श्रीमंत झाले. त्यातल्याच दोन तुकड्यांनी, एक्सॉन आणि मोबिलने, १९९९मध्ये पुन्हा संसार मांडला. एटी अँड टी या टेलिफोन कंपनीतून १९८४मध्ये सात कंपन्या वेगळ्या निघाल्या; २००५मध्ये त्यातल्या एका लेकीने आईलाच विकत घेतलं आणि नाव आईचंच लावलं.

तुमच्यावर तर ती वेळही यायची नाही. न्यायाधीश निकालाआधीच पत्रकारांशी मोकळेपणाने बोलले, तर २००१मध्ये वरचं कोर्ट वाटणी रद्द करतं. मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचा ठपका तेवढा राहतो. ठपक्याला भाडं पडत नाही.

ज्या नेटस्केपपायी एवढं रामायण घडलं, ती तोवर एओएल या इंटरनेट कंपनीच्या घरात नांदायला गेलेली होती. तिचं पुढे काय झालं, असं कोणी विचारलंच, तर 'झालं' म्हणजे नेमकं काय, ते आधी विचारून घ्या.