‘एक्का मारून मोकळं व्हा’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

‘पहिल्याच पानाला एवढा हिशोब कशाला? एक्का मारावा आणि मोकळं व्हावं. लेखकाचं ब्रिज पुस्तकी आहे,’ असं तुम्ही माझ्या लेखावर लिहिलंत. त्या लेखात मी बदामचा एक्का लगेच न मारता राखून ठेवायला सांगितलं होतं. असहमती चालेल, पण ‘पुस्तकी’ हा शब्द फेकण्याआधी पानं मांडून पाहायचे कष्ट घ्यायला हवे होते. बावीस वर्षं डुप्लिकेट ब्रिज (सगळ्या टेबलांवर तीच पानं) खेळतोय, हे इथे सांगावं लागतंय याचं वाईट वाटतं.

एक चूक मान्य. चौकटची तिर्री मी दोन्ही हातांत छापली होती. डमीत (टेबलावर उघड्या मांडलेल्या जोडीदाराच्या पानांत) पंजी हवी. लेखात दुरुस्ती केली आहे. उत्तर त्याने तसूभरही बदलत नाही.

आता तुमचा एक्का. बोली तीन नो ट्रम्प, म्हणजे हुकूम नाही आणि नऊ हात करायचे. तुमच्या हातात इस्पिक एक्का-८-३, बदाम एक्का-७-४, चौकट ९-८-३, किलवर एक्का-राजा-६-२. डमीत इस्पिक राजा-७-४, बदाम ८-५, चौकट एक्का-राणी-गुलाम-१०-५, किलवर ७-४-३. डावीकडून बदामचा राजा उतरला.

पक्के हात मोजा: इस्पिकचे दोन, बदामचा एक, चौकटचा एक, किलवरचे दोन. झाले सहा. उरलेले तीन चौकटमधूनच येणार, आणि फिनेस (चौकटचा राजा डावीकडे असेल या आशेवर डमीतला एक्का न लावता चौकट फिरवणं) फसला तरी येणार, कारण राजा गेल्यावरही चौकटचे चार हात होतात. म्हणजे प्रश्न फिनेस लागतो का हा नाहीच. राजा उजवीकडे असेल, तर तो घेतल्यावर त्या खेळाडूकडे परतवायला बदाम उरतो का, एवढाच प्रश्न आहे.

बाहेर बदामची आठ पानं. ती सुमारे ४७ टक्के वेळा ५-३ वाटली जातात. तुम्ही पहिल्याच हाताला एक्का मारलात की उजवीकडे दोन बदाम शिल्लक. फिनेस फसतो, बदाम परत येतो आणि डावीकडचा चार हात ओढतो. चौकटचा राजा धरून पाच गेले, एक डाऊन, म्हणजे बोलीला एक हात कमी. ६-२ वाटणीत तर दोन डाऊन.

उलट एक्का राखून बदामचे हात दोन वेळा सोडा, तिसऱ्यांदा घ्या. ठोकताळा असा: सातातून तुमच्या आणि डमीच्या हातांतली मिळून पाच बदामं वजा केली की दोन उरतात, तितक्या वेळा सोडायचं. आता ५-३ मध्ये उजवीकडे बदाम संपला. मग हातातून चौकटची नव्वी फिरवा, तिर्री नव्हे: नव्वीवर हात झाला तर पुढचं पान पुन्हा हातातूनच खेळता येतं. वाटणी ४-४ असेल तर उजवीकडे चौथा बदाम राहील, पण बदामचे तीन आणि चौकटचा राजा मिळून चारच हात जातात. बोली पुरी.

‘सोडल्यावर ते रंग बदलतील’ हीही तुमची भीती. बदलू देत. किलवर आलं तर वरची दोन्ही पानं तुमचीच. इस्पिक आलं तर हातातल्या एक्क्याने घ्या. डमीतला राजा मोडू नका. उजवीकडच्याने चौकटचा राजा दोनदा राखला तर डमीत जायला तोच लागेल.

टेबलावर वेळ जातो वगैरे मुद्द्यांवर लिहीत नाही. हा हिशोब अर्ध्या मिनिटाचा आहे.

बदाम ५-३ आणि चौकटचा राजा उजवीकडे सोबतीच्या पानांसह, या वाटणीत पहिल्या हाताला एक्का मारून नऊ हात कसे होतात, ते पानागणिक लिहून पाठवा. शब्दही न बदलता छापेन.