साडेतेरा इंची झारा

आमच्या ओट्याखालचा पहिला ड्रॉवर उघडायचं एक तंत्र आहे. आधी दोन बोटं जातील एवढाच ओढायचा, बोटं आत घालून पुरणयंत्राचा दांडा खाली दाबायचा आणि मग एका झटक्यात बाहेर काढायचा. दांडा दाबायचा राहिला की ड्रॉवर अर्ध्यावर अडतो, आतून खळ्ळकन आवाज येतो आणि बाहेरच्या खोलीतून आई वर्तमानपत्र खाली न करता सांगते, "किसणी आडवी आली असेल."

बाजारात यासाठी तयार ट्रे मिळतात, पण ते काटे-चमच्यांनी जेवणाऱ्यांसाठी बेतलेले. पाच खण: मोठे चमचे, लहान चमचे, मोठे काटे, लहान काटे आणि सुऱ्या. आमच्या घरात काटे दोनच, तेही कुठल्याशा केकबरोबर आलेले. बाकी जनता म्हणजे झारा, उलथणं, डाव, पळी, भातवाढी, चिमटा, रवी, किसणी, सोलाणं, सोऱ्याच्या ताटल्या, करंजीचं कातण. झारा साडेतेरा इंच, कातण जेमतेम पाच. दोघांत साम्य एवढंच, की ऐन दिवाळीत दोन्ही सापडत नाहीत. तेव्हा कप्पे घरीच करायचे असं मी जाहीर केलं. बायको "बरं" म्हणाली. आमच्याकडे 'बरं'चे बरेच अर्थ होतात, त्यातला हा उत्तेजनाचा नव्हता.

मी आधी थोडा अभ्यास केला. कामाला हात घालण्यापूर्वी अभ्यास केला की काम पुढे ढकलता येतं आणि आळशीही कोणी म्हणत नाही. 1926 साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. जागा साधारण 1.9 मीटर बाय 3.4 मीटर. तेवढ्यात तांदूळ, साखर, डाळी यांना नावं घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे छोटे खण, आणि पिठाला मात्र ओकच्या लाकडाचा, कारण त्यात कीड धरत नाही म्हणे. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. पुढे बाईंनी स्वतःच सांगून टाकलं, की हे सगळं आखेपर्यंत त्यांनी कधी स्वयंपाक केलेला नव्हता. माझी पात्रता सिद्ध झाली. मी प्लाय आणायला निघालो.

प्लायवाल्याने वर न बघताच सांगितलं, "आठ बाय चार. तुकडा नाही मिळणार." मला लागणार होता जेमतेम चार चौरस फूट. बत्तीस चौरस फुटांतल्या उरलेल्याचं काय करू, असं विचारल्यावर तो म्हणाला, "देवघर करा." शेवटी एका सुताराच्या कारखान्यात कडेला पडलेला सहा एमएमचा तुकडा मिळाला. सुतारमामांनी प्लायच्या जाती समजावल्या. एमआर म्हणजे दमट हवेत टिकणारं, बीडब्ल्यूआर म्हणजे उकळत्या पाण्यात टिकणारं. ड्रॉवरमध्ये पाणी उकळायचा माझा विचार नव्हता, पण आमच्या कामवाल्या मावशी भांडी कशी निथळवतात ते आठवलं आणि बीडब्ल्यूआर घेतलं.

"माप?"

"अठरा इंच."

"आतून का बाहेरून?"

हा प्रश्न पुढे घरी बराच गाजला. मी फोन करून बायकोला टेप लावायला सांगितलं. बाहेरून अठरा, आतून सोळा इंच आणि सहा सूत. मग मामांनी हिशोब सांगितला. आठ सुतांचा इंच. करवतीचं पातं दर कापाला जवळजवळ एक सूत खातं. सहा एमएमचा पडदा म्हणजे दोन सूत जाडी, असे पाच पडदे घातले की सव्वा इंच जागा नुसत्या लाकडात जाते. "कप्पे वाढवले की जागा कमी होते, साहेब," मामा म्हणाले. मी वहीत पाचाचे चार पडदे केले.

कापणं, घासणं, जोडणं यात सांगण्यासारखं फारसं नाही. आडव्या पट्टीला खालून अर्धी खाच, उभीला वरून अर्धी, एकमेकींत बसवायच्या. खिळा लागत नाही. फेविकॉल मात्र कप्प्यांना लागला त्याहून जास्त जेवणाच्या टेबलाला लागला.

खरा प्रसंग पुढेच होता. कुठल्या कप्प्यात काय, हे ठरवायला आम्ही टेबलाभोवती बसलो आणि बघता बघता सोसायटीच्या वार्षिक सभेसारखं वातावरण झालं. माझा प्रस्ताव साधा: लांबीप्रमाणे. बायकोचं म्हणणं, सकाळी साडेसहाला डबा भरताना कोणी लांबी मोजत नाही. चहाचं एकत्र, फोडणीचं एकत्र, पोळीचं एकत्र. आईची व्यवस्था त्याहून जुनी: रोजचं, सणाचं आणि पाहुण्यांचं. शिवाय एक पोटनियम, की ताकाची रवी कांद्याच्या सुरीशेजारी ठेवायची नाही.

"अगं, पण दोन्ही धुतलेल्या असतात ना?"

"असू देत. वास राहतो."

सांडशीवर तर ठरावच होईना. माझ्या मते ती मध्यम लांबीची, बायकोच्या मते फोडणीची, आईच्या मते रोजची. वर मुलगी म्हणाली की सांडशी ड्रॉवरमध्ये गेलेली तिने जन्मात पाहिलेली नाही, ती कायम गॅसपाशीच असते. हे खरं असल्यामुळे कोणालाच आवडलं नाही. सोऱ्याच्या ताटल्यांना मात्र एकमताने स्वतंत्र कप्पा मिळाला. त्यातली शेवेची ताटली गेल्या दिवाळीपासून बेपत्ता आहे, तरी तिची जागा राखून ठेवली.

झाऱ्यासाठी मी चौदा इंचांचा खास कप्पा केला होता. पण झाऱ्याला लांबी-रुंदीबरोबर ऐटही असते. तो पाठीवर झोपतो आणि दांडा वर उचलून धरतो. ड्रॉवर चार इंच खोल, दांड्याचं टोक साडेचारावर. पालथा घातला, कुशीवर वळवला. शेवटी दांडा थोडा वाकवावा असं मी सुचवलं, तेव्हा आईने वर्तमानपत्र खाली ठेवलं. तो झारा तिच्या सासूबाईंचा आहे.

या सगळ्या चर्चेत, धुतलेली भांडी प्रत्यक्षात जागेवर लावतं कोण, हा मुद्दा निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या. ड्रॉवर उघडून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "दादा, ह्यात पाणी साठंल," त्या म्हणाल्या, "पुसणार कोण, इतके कोपरे?" मग डाव, पळी, उलथणं, चिमटा आणि झारा असं सगळं लांब-लांब सामान त्यांनी एका जुन्या स्टीलच्या डब्यात उभं केलं आणि डबा ओट्यावर ठेवला. तिघांचे प्रस्ताव त्या डब्यात गेले. आईचीही हरकत नव्हती, कारण रवी मावशींनी न सांगता खिळ्याला अडकवली होती.

रिकाम्या झालेल्या कप्प्यांत हळूहळू वस्ती झाली. कुकरची जुनी रिंग, पिझ्झाबरोबर आलेल्या ऑरिगॅनोच्या पुड्या, रबरबँड, चार आकड्याची अर्धी जळलेली मेणबत्ती, कुठलं कुलूप ते माहीत नसलेली किल्ली. ते दोन काटेही आले आणि चौदा इंची कप्प्यात ऐसपैस पसरले.

परवा शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या होत्या. त्यांना ड्रॉवर फार आवडला. "किती छान बसवलंय! कुठून आणलंत हो?"

"घरीच केलंय त्याने," आई कौतुकाने म्हणाली. "भांडी सोडून सगळं बसतं."